तेजस्वीचा दगड

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जीन्सचे कारखाने जिथे एकमेकांच्या अंगावर रेलून उभे आहेत, तिथे भूपेश भोईरला नावानं कुणी हाक मारत नाही. शिलाई मशीन अडलं की कारागीर ओरडतो, "अरे, उस तारेवाले को बुलाओ!" नव्या माणसाला वाटतं, हा वायरमन असणार. मग भूपेश हातातली पान्ह्यांची पिशवी खाली ठेवतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि सांगतो, "तार नाही भाऊ, तारे. वरचे."

हे सांगताना त्याला आतून बरं वाटायचं. मशीन मेकॅनिक पन्नास मिळतील, पण दुर्बीण स्वतःच्या हातानं बनवलेला मेकॅनिक सगळ्या कॅम्पात एकच होता.

तो अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोलीचा, आगरी; घर अजून तिथंच. लहान असताना त्याच्या बापानं, हिरामणनं, एका पहाटे त्याला खळ्यावर नेऊन शेपटीवाला तारा दाखवला होता. सत्त्याण्णव सालचा मोठा धूमकेतू तो. बापाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, नुसतं "बघून घे, परत यायचा नाय" एवढंच तो म्हणाला. पोरानं असं बघून घेतलं की ते त्याच्या डोक्यातून कधी उतरलंच नाही. पुढे आयटीआय झालं, मशीनची लाइन धरली, आणि पहिला पगार हातात आल्यावर त्यानं जाड काचेच्या दोन चकत्या आणल्या. पडवीत बसून एक चकती दुसरीवर घासत त्यानं आठ इंची आरसा तयार केला. आई सगुणाबाई शेजारणींना सांगायची, "माजा पोर दलन दलतो नि पीठ काय निघत नाय." पण त्याच आरशाची दुर्बीण करून त्यानं आईला शनीची कडी दाखवली, तेव्हा ती बराच वेळ डोळा काढेना.

बदलापूरला हौशी लोकांचं एक आकाश मंडळ होतं. जनूकाका म्हणून एक निवृत्त गृहस्थ ते चालवायचे. भूपेश त्यात शिरला आणि बघता बघता मंडळाचा चेहरा झाला. शाळेत कार्यक्रम असो, कॉलनीत ग्रहण दाखवायचं असो, बारवी धरणाच्या रस्त्याला उल्कावर्षाव बघायला जायचं असो, बोलायला भूपेशच. त्याची बायको तेजस्वी बरोबर असायची. टॉर्चला लाल कागद गुंडाळून धरायची, चहा वाटायची, लहान मुलांना स्टुलावर चढवायची. ती अंबरनाथची, शिवमंदिराच्या बाजूची. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्टीवर मलेरियाचे जंतू शोधायचे, हे तिचं काम. "तुम्ही लांबचं बघा, मी जवळचं बघते," असं ती हसून म्हणायची, आणि त्यालाही ते वाक्य आवडायचं.

मग ती लघुग्रह शोधायची मोहीम आली.

कुठल्या तरी दूरच्या बेटावरची मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं चार फोटो काढते. ते फोटो जगभरच्या हौशी मंडळांना वाटले जातात. कॉम्प्युटरवर चारही फोटो एकामागून एक फिरवायचे. तारे जागच्या जागी राहतात. त्यांच्यात एखादा ठिपका पाऊल पाऊल सरकताना दिसला, तर तो लघुग्रह. बहुतेक वेळा तो आधीच माहीत असलेला निघतो. पण एखादा नवा निघाला, तर शोधणाऱ्याचं नाव त्याच्यापुढे लागतं.

भूपेशनं दोन मोसम जिवापाड मेहनत घेतली. कॅम्पातल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात मशीनच्या डोक्याखाली वाकून वाकून दुखलेली पाठ घेऊन तो घरी लॅपटॉपपुढे बसायचा. सापडलेले सगळे ठिपके माहीत असलेले निघाले, नाहीतर कॅमेऱ्याचे डाग. तिसऱ्या मोसमात दिवाळीच्या आधीची घाई आली. कारखाने दोन पाळ्यांत चालू, मशिनी पटापट अडणार, भूपेशला जेवायला फुरसत नाही. इकडे फोटो तपासून कळवायची मुदत संपत आलेली.

"मी बघू का?" तेजस्वीनं विचारलं. तिची रविवारची सुट्टी होती.

"बघ. नुसतं फिरवत राहायचं आणि हलणारं काही दिसलं की खूण करायची."

दुपारी तो घरी जेवायला आला तेव्हा ती त्याच खुर्चीत होती. "अहो, हे बघा. बाकीचे ठिपके मुंगीसारखे सरकतात. हा उड्या मारतोय. आणि त्यांच्या उलट्या दिशेला."

भूपेशनं हातातला घास न ठेवता पाहिलं. एक पुसट, किंचित लांबट डाग, चार फोटोंत चार ठिकाणी. "डाग असेल कॅमेऱ्याचा."

"चारही ठिकाणी एका रेषेत?"

"असतो कधी कधी."

"पाठवू की नको? निरीक्षक म्हणून नाव कुणाचं टाकू?"

तो हसला. वरण ओरपत म्हणाला, "तुझंच टाक. चुकलं तर तुझं चुकलं."

हे वाक्य त्याला पुढे कितीतरी दिवस दातात अडकलेल्या सुपारीसारखं सलत राहिलं. कारण चुकलं नव्हतं. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या वेधशाळांनी पुढच्या काही दिवसांत तोच ठिपका पकडला. ईमेल आली. नवा लघुग्रह, आणि तोही मंगळ आणि गुरूच्या मधल्या नेहमीच्या पट्ट्यातला नव्हे, तर पृथ्वीच्या जवळून जाणारा. त्याला तात्पुरता क्रमांक मिळाला. शोधकाच्या जागी एकच नाव होतं: तेजस्वी भोईर.

भूपेशनं तिला मिठी मारली, हे खरं. पेढेही त्यानंच आणले. पण पेढ्यांचा पुडा बांधून घेताना मिठाईवाल्यानं विचारलं, "काय विशेष?" आणि तो म्हणून गेला, "आम्ही लघुग्रह शोधला." त्या 'आम्ही'शी तो घरी येईपर्यंत झटापट करत होता.

मग सत्कार सुरू झाले. भूपेशचा चुलत भाऊ कल्पेश जमिनीच्या आणि फ्लॅटच्या व्यवहारांत होता. चिखलोलीला नवं स्टेशन होणार म्हणून त्याचा धंदा तेजीत होता. त्यानं गावाच्या वळणावर मोठा बॅनर लावला: 'चिखलोलीची सून, अंतराळाची शान.' बॅनरवर तेजस्वीचा हात जोडलेला फोटो, मागे निळं आकाश, आणि कोपऱ्यात कल्पेशचा स्वतःचा गॉगल घातलेला फोटो. भूपेशचा फोटो नव्हता. "दादा, जागा उरली नाय रे," कल्पेश म्हणाला.

सत्काराच्या खुर्चीत तेजस्वी बसायची आणि तिच्या हातात मावेनात ते गुच्छ, शाली, नारळ भूपेश सांभाळायचा. एका पाहुण्यानं त्याला अगदी प्रेमानं विचारलं, "आणि आपण काय करता? आपल्यालाही आवड आहे का थोडीफार?"

थोडीफार! भूपेशच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचवीस वर्षं मान वर करून घालवलेल्या माणसाला हा प्रश्न. तो नुसता म्हणाला, "मी मिस्टर त्यांचा."

कॅम्पातही तेच. हरेशभाई नावाचा एक सिंधी कारखानदार, त्याचं जुनं गिऱ्हाईक, गल्ल्यावरून ओरडला, "ओ तारेवाले! घरवाली ने तो बाजी मार ली! अब तू मशीन का लूपर पकड़, वो तारा पकड़ेगी!" सगळे कारागीर हसले. भूपेशही हसला, आणि मशीनचा स्क्रू इतका आवळला की त्याचा आटा गेला.

मत्सर ही चीज अशी, की ती समोरच्या माणसाला सोडून प्रत्येक वस्तूला चिकटते. भूपेशला तेजस्वीचा राग येत नव्हता. तिच्या चष्म्याचा यायचा. ती लॅपटॉप उघडताना बोटं मोडायची, त्या आवाजाचा यायचा. तिला आलेल्या फोनचा यायचा. ती पूर्वीसारखीच होती. पोळ्या करायची, सासूच्या गुडघ्याला तेल चोळायची, लॅबला जायची. उलट काही अडलं की त्यालाच विचारायची. तो उत्तर द्यायचा, पण तोडून द्यायचा.

बदलापूरच्या एका शाळेत तिला बोलवलं. पूर्वी तिथे भूपेशच बोलायला जायचा. तेजस्वीनं आग्रहानं त्याला बरोबर नेलं. ती छान बोलत होती. मुलांना चार फोटो फिरवून दाखवले, मुलं ओरडून ठिपका दाखवत होती. बोलण्याच्या ओघात ती म्हणाली, "मग ही उल्का सूर्याभोवती फिरत फिरत..."

"उल्का नाही," भूपेश मागून उठून मोठ्यानं म्हणाला. "लघुग्रह. वातावरणात शिरून जळते ती उल्का. मुलांना चुकीचं शिकवू नका."

सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघू लागला. वर्गाच्या बाईंनी मान खाली घातली. तेजस्वीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. "बरोबर," ती म्हणाली. "लघुग्रह. माझं चुकलं." आणि ती पुढे बोलली, पण मघाचा आवाज परत आला नाही.

परतताना शेअर रिक्षात दोघांच्या मध्ये एक बाई बसली होती, म्हणून बोलायची वेळ आली नाही. घराच्या दारात चप्पल काढताना तेजस्वी म्हणाली, "घरी सांगितलं असतं तर चाललं नसतं का?"

"चूक ती चूक," भूपेश म्हणाला. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला शरम वाटली. पण बाकीच्या कोपऱ्यांत कित्येक दिवसांनी गार वाटलं होतं.

त्याच आठवड्यात त्यानं मनाशी एक गोष्ट ठरवली. हा दगड तेजस्वीच्या आधी कुणाला ना कुणाला दिसला असलाच पाहिजे.

तसं होतं कधी कधी. एखादी वेधशाळा लघुग्रह शोधते, क्रमांक देते, मग तो हरवतो. वर्षांनी दुसऱ्याला सापडतो, नवा म्हणून मिरवतो, आणि हिशेब जुळला की कळतं, हा तर जुनाच. मग श्रेय पहिल्याचं. भूपेशनं कक्षेची आकडेवारी उतरवून घेतली. सूर्याभोवती फेरीला या दगडाला एक वर्ष आणि साधारण दहा महिने लागत होते. त्याची वाट लांबट होती. एका टोकाला तो पृथ्वीच्या वाटेला घासून जायचा, दुसऱ्या टोकाला मंगळाच्या पलीकडे जायचा. भूपेशनं भागाकार केला आणि त्याचे डोळे चमकले. दगडाच्या पाच फेऱ्या होतात, तेव्हा पृथ्वीच्या बरोबर नऊ. म्हणजे दर नऊ वर्षांनी दोघं जवळपास त्याच वळणावर भेटतात. नऊ वर्षांपूर्वीही हा असाच जवळून गेला असणार. तेव्हा आकाशाचे फोटो काढणाऱ्या दुर्बिणी होत्याच, आणि त्यांचे जुने फोटो आता कुणालाही बघायला खुले होते.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो तेच करू लागला. कक्षा फक्त काही आठवड्यांच्या वेधांवर बेतलेली, त्यामुळे नऊ वर्षं मागे गेलं की दगड नेमका कुठे होता ते सांगता येत नव्हतं. आकाशाची एक लांबच लांब पट्टी चाळावी लागणार होती. तो चाळत राहिला. असा नेटानं तो आयुष्यात कधी कशाच्या मागे लागला नव्हता, आरसा घासतानाही नाही.

मध्येच भलतंच घडलं. पृथ्वीजवळून जाणाऱ्या दगडांवर नजर ठेवणाऱ्यांची एक यादी असते, पुढे धडकेची कणभर जरी शक्यता दिसली तरी त्यांचा हिशेब तिथे मांडतात. तेजस्वीचा दगड त्या यादीत आला. आणखी सत्तावीस वर्षांनी, म्हणजे तिसऱ्या भेटीत, धडकेची शक्यता काही लाखांत एक. अशा शक्यता बहुतेक वेळा चार वेध वाढले की पुसून जातात, हे आकाश बघणाऱ्यांना माहीत असतं. व्हॉट्सॲपला ते माहीत नव्हतं.

'बदलापूरजवळच्या महिलेने शोधलेला दगड पृथ्वीवर आदळणार!' असा मेसेज आला आणि दोन दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर पोचला. खाली कुणी तारीख जोडली, कुणी 'चिखलोलीवरच पडणार' हे जोडलं. माइक घेऊन एक पोरगा लॅबच्या दारात उभा राहिला. रक्त द्यायला आलेला पेशंट म्हणाला, "मॅडम, सुई राहू द्या, आधी तुमचा दगड थांबवा." बाजारात सगुणाबाईला बायकांनी घेरलं, "काय गो, तुजी सून आमचे डोक्याव काय पारते?" एक ज्योतिषी म्हणाला, बाईनं नको त्या गोष्टीला बोट लावलं. कल्पेशचं एक गिऱ्हाईक फ्लॅट बघता बघता हसून म्हणालं, "सत्तावीस वर्षांचं कर्ज आणि सत्तावीस वर्षांनी दगड?" कल्पेशला ते हसू मानवलं नाही. त्यानं गपचूप बॅनर उतरवला.

तेजस्वी प्रत्येकाला समजावून सांगायची. काही लाखांत एक म्हणजे जवळजवळ नाहीच. आणखी वेध मिळाले की हेही जाईल. लोक 'आदळण्याची शक्यता' एवढे शब्द ऐकायचे आणि पुढचं सोडून द्यायचे. तिला जेवण जाईना. एकदा ती भूपेशजवळ आली. "तुम्ही एकदा बोला ना लोकांशी. एक व्हिडिओ करा. तुमचं लोक ऐकतात."

भूपेशनं स्क्रीनवरून मान वर केली नाही. "तुझा दगड आहे. तू सांग."

ती त्याच्यापुढचा रिकामा कप उचलून आत गेली.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी, दुकानात, तीन जुन्या फोटोंत त्याला तो दिसला. पुसट ठिपका, पट्टीच्या पार कडेला. वेग जुळत होता, दिशा जुळत होती, तेज जुळत होतं. नऊ वर्षांपूर्वीचा तोच दगड! सापडला! तेजस्वीच्या आधी, नऊ वर्षं आधी, कुणीतरी याचा फोटो काढला होता. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि जनूकाकांना फोन लावला.

जनूकाकांनी फोटो मागवून घेतले, मोजमाप केलं, आणि संध्याकाळी त्याला बदलापूरला घरी बोलावलं. म्हातारा खुशीत होता. "भूपेश, सोनं काढलंस!"

"म्हणजे शोध त्या जुन्या दुर्बिणीचा, बरोबर ना काका? फोटो त्यांचा, तारीख आधीची."

जनूकाकांनी चष्मा काढला. "असं कसं? फोटोत असणं वेगळं आणि कुणी पाहिलेलं असणं वेगळं. या फोटोतला ठिपका नऊ वर्षांत कुणी मोजलाच नाही, कळवला नाही. शोध तेजस्वीचाच. तू काय केलंस ठाऊक आहे? तिच्या दगडाची कक्षा पक्की केलीस. आता तो हरवणार नाही. नऊ वर्षांचा धागा हाती आला म्हटल्यावर सत्तावीस वर्षांनी तो कुठे असेल हे चोख सांगता येईल. माझा कच्चा हिशेब म्हणतो, खूप लांबून जाईल. पाठवू ना हे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राला?"

भूपेशला हा नियम माहीत नव्हता असं नाही. कुठेतरी वाचलेलं होतं. पण जळणाऱ्या माणसाला जे वाचायचं नसतं ते त्याला आठवत नाही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या? त्यात सांगायचं काय?"

"एकदा परत तपासतो," भूपेश म्हणाला, आणि बाहेर पडला.

रिक्षा न करता तो पाईपलाईनच्या रस्त्यानं चालत सुटला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे नाही पाठवलं, तर पुढच्या महिन्यात दगड अंधुक होऊन दिसेनासा होईल. कक्षा कच्ची राहील. यादीतलं नाव तसंच राहील. लोक विसरतील, पण विसरायच्या आधी तेजस्वीला खाऊन टाकतील. आणि पाठवलं, तर ती कायमची पक्की होईल, त्याच्याच हातानं. स्वतःच्या बायकोच्या दगडाला स्वतःच शेंदूर फासायचा!

घरी पोचला तर सगुणाबाई ओटीवर बसलेली. आत बघून हलक्या आवाजात म्हणाली, "ती रडली आज. मना बोलली, कांदा कापते. कांदा नव्हता घरान." मग त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुला काय झाला रं? बायकोला लोक बोलतान नि तू तोंडान मिठाची गुलनी धरून बसलास. तुजा बापूस असा नव्हता."

भूपेश आत गेला. तेजस्वी लॅपटॉप बंद करून त्याची वायर गुंडाळत होती.

"मी मंडळाला कळवलंय," ती म्हणाली. "ही मोहीम मी सोडते. पुढचे फोटो तुमचे तुम्ही बघा. मला नकोय ते आकाश."

त्याला पाहिजे होतं ते हेच. महिनाभर आतल्या आत त्यानं हेच मागितलं होतं. आणि आता ते पुढ्यात आलं, तर त्याला ते घेववेना. ती रिकामी खुर्ची, गुंडाळलेली वायर. त्याला तिला त्या खुर्चीतून उठवायचं नव्हतं. त्याला तिच्या जागी बसायचं होतं, आणि ते काही कुणी उठल्यानं होणारं नव्हतं.

तो ओटीवर आला आणि फोन लावला. "काका, पाठवा."

आठवड्याभरात उत्तर आलं. जुने वेध स्वीकारले. सत्तावीस वर्षांनी तो दगड चंद्राच्या कितीतरी पटीनं लांबून जाणार. यादीतून नाव काढलं. जनूकाकांनी मंडळाच्या ग्रुपवर मोठा मेसेज टाकला: धोका नाही, आणि हे सिद्ध केलं आपल्या भूपेशनं. तोही मेसेज फिरला, पहिल्याइतका नाही, पण फिरला. हरेशभाईनं दुकानात येऊन पाठीवर थाप मारली, "वाह तारेवाले! बीवी ने पत्थर ढूंढा, तूने दुनिया बचाई!"

तेजस्वी लॅबमधून आली ती धावतच. डोळे भरलेले. "तुम्ही महिनाभर हे करत होतात? माझ्यासाठी? आणि मी म्हणत होते, हे माझ्याशी बोलत का नाहीत. लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं मी, माझ्या मिस्टरांनी केलं म्हणून."

भूपेशला गप्प बसता आलं असतं. सत्काराची खुर्ची आता दोघांना मिळाली असती. पण तिचं ते कृतज्ञ तोंड त्याला सत्कारापेक्षा जास्त टोचलं.

"तुझ्यासाठी नव्हतं ते," तो म्हणाला. "तुझ्या आधी कुणीतरी शोधलाय, हे दाखवायचं होतं मला."

तेजस्वीनं डोळे पुसले. "म्हणजे माझं नाव काढायला?"

"हो."

"शाळेत बोललात तेही त्यासाठीच."

"हो."

ती आरडाओरडा करेल असं त्याला वाटलं होतं. तिनं पर्स खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, स्वयंपाकाला लागली. जेवताना ताट वाढलं, पण वाढून झाल्यावर ती सासूशेजारी जाऊन बसली. कितीतरी दिवस तसंच चाललं. भाजी काय आणायची, गॅस संपला, आईची गोळी, एवढंच बोलणं. एकदा ती अंबरनाथला माहेरी गेली आणि दोन दिवस जास्त राहिली. सगुणाबाई त्याचं ताट स्वतः वाढू लागली.

माहेराहून आल्यावर तेजस्वीनं एकदाच विषय काढला. कपडे घडी घालत होती. "तुम्हाला वाईट वाटलं, हे मला कळत होतं. मी आंधळी नाही. मला वाटायचं, मी अजून नरम राहिले तर जाईल ते. गुच्छ तुमच्या हातात द्यायची, बोलायला तुम्हाला बरोबर न्यायची. तर ते तुम्हाला अजून झोंबत होतं."

"झोंबत होतं," भूपेश म्हणाला.

"मग आता मी नरम राहणार नाही. माझं नाव माझं आहे. मोहीम मी परत घेतेय. तुम्हाला झोंबलं तर झोंबू दे."

तो हो म्हणाला.

हिवाळा संपता संपता तिला ईमेल आली. एका मोठ्या दुर्बिणीनं दगड लांब जायच्या आत त्याचा अभ्यास केला होता. तिनं लॅपटॉप उघडला, बराच वेळ वाचलं, आणि मग पहिल्यांदाच हाक मारली, "अहो, इकडे या जरा. हे तेज वर-खाली का होतंय?"

भूपेश खुर्ची ओढून बसला. आलेख बघता बघता तो सगळं विसरला. "फिरतोय तो स्वतःभोवती. हे बघ, साधारण सहा तासांत एक गिरकी. लांबट आहे. रुंद बाजू आपल्याकडे आली की उजळतो, निमुळतं टोक आलं की मंदावतो. भुईमुगाच्या शेंगेसारखा असणार, रुंदीच्या दुप्पट लांब."

"आणि हे? शंभरातले पाच?"

"पडलेल्या उजेडातला एवढाच परत फेकतो. डांबरासारखा काळा. म्हणून तर मोठा असून पुसट दिसत होता. हा काळेपणा कळला म्हणून आकारही कळला. साधारण साडेचारशे मीटर. शिवमंदिरापासून चालायला लागलीस तर पाच-सहा मिनिटं जातील एवढा."

"एवढा मोठा?" ती पडद्याकडे बघत राहिली. "आणि मी तो नखाएवढ्या डागावरून..."

"हो," भूपेश म्हणाला, आणि तोच जुना सल परत वर आला. मी का नाही पाहिला? त्या दिवशी घास हातात घेऊन मी वाकलो होतो, डोळ्यासमोर होता तो. त्यानं उगाच आलेख पुढे-मागे सरकवला. तेजस्वीनं त्याच्याकडे बघितलं. तिला दिसलं ते. तिनं आपली खुर्ची त्याच्या बाजूला थोडी सरकवली, आलेख दोघांना दिसावा म्हणून.

"आता नाव काय ठेवनार याचा?" सगुणाबाईनं दारातून विचारलं.

"बरीच वर्षं लागतील आई," भूपेश म्हणाला. "आणि पृथ्वीजवळच्या दगडांना पुराणातली नावं देतात. माणसांची नाही."

"मंग तुजे बापसाचा नाय ठेवता येयाचा?"

"नाही."

"ठरवणार मी," तेजस्वी म्हणाली. "अजून वेळ आहे."

नवीन मोसमाला त्यांनी दुसरा लॅपटॉप घेतला. जुनाच, हरेशभाईच्या ऑफिसमधला. रविवारी दुपारी दोघं दोन टोकांना बसतात, एकमेकांकडे पाठ करून. भूपेशला अजून नवा ठिपका सापडलेला नाही. तेजस्वीला दोन मिळाले, पण दोन्ही माहीत असलेले निघाले. तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

"दिसलं काही?" ती मान न वळवता विचारते.

"नाही. तुला?"

"मला दिसलं तर सांगेन का आधी? पाठवून मग सांगेन."

भूपेश हसतो. मग पुढचे चार फोटो उघडतो आणि डोळे बारीक करून बसतो, कारण त्याला खात्री आहे, ती मागे तितकेच डोळे बारीक करून बसली असणार.